४३२ कोटी आणि ४५४ कोटी: आकडे जवळचे, हिशोब वेगळे

ताई, तुमच्या नववीतल्या मुलाला आजोबा सांगतात की आपला कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा, विज्ञान पृथ्वीचं वय ४५४ कोटी सांगतं, म्हणजे ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं. वर्गातला मित्र म्हणतो, बायबलच्या हिशोबाने पृथ्वी सहा हजार वर्षांची. मुलाला खरं काय ते हवंय, आणि तुम्हाला आजोबांचं मन मोडायचं नाहीये. मी बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा वाद स्टाफरूममध्येही भरपूर ऐकलाय. जरा सविस्तर लिहितो.

आजोबांचा मुद्दा त्यांच्याच पंचांगाने तपासा. पूजेत गुरुजी संकल्प सांगतात: द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे प्रथमचरणे. चार युगं मिळून एक महायुग, ७१ महायुगांचं एक मन्वंतर, आणि अशी चौदा मन्वंतरं एका कल्पात. म्हणजे चालू कल्पातली सहा मन्वंतरं संपली, सातव्यातली २७ महायुगं संपली, अठ्ठाविसाव्यातलं कलियुग नुकतं कुठे लागलंय. मन्वंतरांमधले संधिकाळ धरून बेरीज केली की कल्प सुरू होऊन साधारण १९७ कोटी २९ लाख वर्षं झाली असं निघतं. ४३२ कोटी हा ब्रह्मदेवाचा आख्खा दिवस आहे; त्यातला निम्म्याहून जास्त अजून यायचाय. तुलना करायचीच तर ४५४ ची १९७ शी करावी लागेल, आणि मग जुळत काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात हे कधीच नसतं. दादरला दोन गाड्या एकाच वेळी लागल्या, म्हणून त्या एकाच गावाहून आल्या असं होत नाही.

शिवाय आपल्याकडेही हा आकडा एकच नव्हता. सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ सृष्टी रचायला लागलेला काळ वजा करतो, म्हणून तिथे १९५ कोटींच्या पुढचा आकडा येतो. आर्य समाजाचं सृष्टिसंवत १९६ कोटींच्या घरात आहे. आर्यभटाने तर चारही युगं सारख्या लांबीची धरली आणि कल्प १००८ महायुगांचा मानला, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ग्रंथात त्याबद्दल त्याला चांगलंच फटकारलं, कारण ते स्मृतींना धरून नव्हतं. म्हणजे शास्त्र विरुद्ध परंपरा हे भांडण आपल्या ज्योतिषांनी आपसातही केलंय. आणि जैन शेजाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, जगाला आरंभच नाही.

एवढे मोठे आकडे आले कुठून? त्यात गणिताचा मोठा वाटा आहे. महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात याव्यात, अशी ती मांडणी आहे. आर्यभटाकडे गुरूच्या ३,६४,२२४ फेऱ्या, शनीच्या १,४६,५६४. ग्रहगणितासाठी हे विलक्षण साधन होतं. आजोबांना अभिमान वाटायचाच असेल तर इथे वाटावा, इथे तो पुरेपूर वाजवी आहे. पण या पद्धतीत कोणी दगड हातात घेतलेला नाही.

मित्राच्या सहा हजारांबद्दल थोडक्यात: आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जोडून इ.स.पू. ४००४ हे सृष्टीचं साल काढलं. कॅथलिक चर्च आज ते मानायला लावत नाही. पोप पायस बारावे १९५१ च्या भाषणात अब्जावधी वर्षांबद्दल बोलले होते. तेव्हा वांद्र्यातल्या सगळ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर हे मत लादू नका.

मला स्वतःला जास्त रंगतदार वाटतो तो विज्ञानाच्या घरातला वाद. लॉर्ड केल्विन हा त्या काळचा सर्वांत दबदबा असलेला भौतिकशास्त्रज्ञ. तापलेला गोळा थंड होत आला, या गृहीतावर त्याने १८६२ मध्ये पृथ्वीला २ ते ४० कोटी वर्षं दिली आणि १८९७ पर्यंत ती २ ते ४ कोटींवर आणली. भूशास्त्रज्ञ कुरकुरत होते, कारण गाळाचे थर एवढ्या वेळात साचणं शक्यच नव्हतं. १८९५ मध्ये जॉन पेरीने, जो एकेकाळी केल्विनचाच सहायक होता, दाखवून दिलं की पृथ्वीच्या पोटात उष्णता प्रवाहाने वर येत असेल तर सगळा हिशोब कोसळतो. पेरीला फारसं कोणी विचारलं नाही, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता.

पुढे किरणोत्सर्गाने वेगळाच मार्ग दिला. युरेनियम-२३८ चं अर्धं शिसं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ चं ७० कोटी. म्हणजे एकाच नमुन्यात वेगळ्या गतीची दोन घड्याळं, एकमेकांना पडताळणारी. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, पृथ्वीच्याच सुमारास घडलेल्या उल्कांमधलं शिसं मोजून ४५५ कोटी हा आकडा दिला, आणि सोबत चूक किती असू शकते तेही लिहिलं: ७ कोटी इकडे-तिकडे. अशरच्या किंवा कल्पाच्या आकड्यासोबत अशी ओळ नसते. मुलाला फरक दाखवायचा तर हाच दाखवा. उल्का निराळं काही बोलल्या असत्या तर पॅटरसनला आकडा बदलावा लागला असता.

एक सावधगिरी. कोणी ‘कार्बन डेटिंगने पृथ्वीचं वय काढलं’ म्हणालं तर मुलाला लगेच थांबवायला सांगा. कार्बन-१४ सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे कामाचा नाही. आपल्या मुंबईच्या काळ्या दगडासाठी पोटॅशियम-आरगॉनची पद्धत लागते: लाव्हा वितळलेला असताना आरगॉन वायू निघून जातो, दगड गोठला की पुढे पोटॅशियमपासून तयार होणारा आत अडकतो, तो मोजायचा.

आणि हो, आजोबांना आणि नातवाला अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलला घेऊन जा, भवन्स कॉलेजजवळ. साधारण दोनशे फुटी, याच काळ्या दगडाचे म्हणजे बेसॉल्टचे उभे खांब, वय सहा ते साडेसहा कोटी वर्षांच्या दरम्यान. म्हणजे केल्विनच्या शेवटच्या आकड्यातली आख्खी पृथ्वी या एका टेकडीपेक्षा तरुण! वर गावदेवीचं देऊळ आहे, आजोबांना दर्शन होईल. पायऱ्या खड्या आहेत, गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसवा. खांब खालूनच जास्त चांगले दिसतात. उन्हाच्या आधी जा.