क्लास डायग्राममध्ये रंग खरंच उपयोगी पडतात की नुसती सजावट? आणि त्यासाठी टूल कुठलं वापरता?

'सजावट' हा शब्द वाचला आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो, कारण हाच शब्द मी भर मीटिंगमध्ये दहा जणांसमोर ऐकून घेतलाय.

तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर करत होतो, ऊस नोंदीपासून काटा पावती आणि बिलापर्यंत सगळं. क्लास डायग्राम म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या गोष्टींचे (क्लासचे) डबे आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र; त्यासाठी मी पीटर कोड या सॉफ्टवेअर डिझाइनवर लिहिणाऱ्या लेखकाची चार रंगांची पद्धत घेतली होती, त्याच्या 1999 च्या पुस्तकातली. गुलाबी म्हणजे घडलेली गोष्ट जिला तारीख-वेळ असते, पिवळा म्हणजे भूमिका, हिरवा म्हणजे माणूस, जागा किंवा वस्तू, निळा म्हणजे वर्णन. काट्यावरची खेप गुलाबी (भरल्या ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्याचं वजन, वजाबाकी), को 86032 ही उसाची जात निळी. इथपर्यंत सोपं होतं. मग शेतकरी, वाहतूकदार आणि सभासद असे तीन क्लास आले, तिन्ही हिरवे करायला घेतले आणि अडकलो, कारण तिघांतही नाव, पत्ता, बँक खातं तेच. म्हणजे माणूस एकच हिरवा आणि त्याला चिकटलेल्या तीन पिवळ्या भूमिका! रंग हातात नसता तर हे मला दिसलंच नसतं, खोटं कशाला बोलू.

मीटिंगमध्ये दाखवलं तर लीड म्हणाले, "रंगपंचमी आहे का रे? डेडलाईन बघ, सजावट नंतर कर." त्यांची स्वतःची पद्धत काय, तर ज्याचं मॉड्यूल त्याचा रंग, अकाउंट्स लाल, शेती विभाग हिरवा. शेतकरी, वाहतूकदार, सभासद अशी डेटाबेसमधली तीन वेगळी टेबलं तशीच गेली.

हंगाम सुरू झाला आणि आम्ही सपोर्टला कारखान्यावर बसलेलो असताना एक काका आले, स्वतःचा ऊस स्वतःच्याच ट्रॅक्टरनं आणणारे. बँक बदलल्याचा अर्ज त्यांनी शेती ऑफिसात रीतसर दिलेला, त्यामुळे उसाचं बिल नव्या खात्यात आलं, पण वाहतुकीचं बिल जुन्या, बंद केलेल्या खात्यावर गेलं आणि परत आलं. पासबुक टेबलावर ठेवून म्हणाले, "मी एकच हाय की वो, तुमच्याकडं दोन कसा झालो?" काय उत्तर देणार? पुढचे दोन दिवस मी नावं जुळवत बसलो, एका टेबलात आप्पासो, दुसऱ्यात आप्पासाहेब, तिसऱ्यात नुसतंच आप्पा. लीड तेव्हा पुण्यात होते.

तर माझं मत स्पष्ट आहे, मॉड्यूलप्रमाणे रंग देणं म्हणजे रंग वाया घालवणं, त्यासाठी पॅकेज (क्लासचे गट करायची चौकट) असतं की. क्लास कुठल्या जातीचा आहे ते रंगानं सांगा. सुरुवात गुलाबीपासून करा, या धंद्यात कशाची नोंद ठेवावीच लागते ते विचारा, बाकीचे रंग त्याच्याभोवती आपोआप गोळा होतात. आणि एखाद्या क्लासचा रंग ठरतच नसेल तर तो बहुतेक दोन क्लास एकात कोंबलेला असतो.

हो, यूएमएलच्या (अशी डायग्राम काढायच्या ठरलेल्या चिन्हभाषेच्या) स्टँडर्डमध्ये रंगाला स्वतःचा असा काही अर्थ नाही, त्यामुळे डब्यावर स्टिरिओटाइपही (क्लासचा प्रकार सांगणारं लेबल) लिहा, नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली की सगळं करडं, आणि टीममध्ये कुणाला रंग नीट ओळखू येत नसतील तर त्यांचीही पंचाईत. सात-आठ क्लासचं डायग्राम असेल तर या भानगडीत नाही पडलात तरी चालेल. आणि व्यवस्थापनाला दाखवायच्या स्लाइडवर मॉड्यूलचे रंग चालतात, तेवढं लीडचं बरोबर होतं, पण तेवढंच.

टूल राहिलंच. मी प्लँटयूएमएल (मजकूर लिहून डायग्राम काढणारं टूल) वापरतो, त्यात स्टिरिओटाइपला एकदा रंग नेमून दिला की प्रत्येक डबा हातानं रंगवावा लागत नाही. पण त्या कारखान्याचं डायग्राम मी भिंतीवर चार रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवून केलं होतं, आणि ती 'सजावट' मीटिंगनंतर मलाच उतरवायला लावली.