गॅरेजचं दार बिघडलं तर स्वतः हात घालावा की मेकॅनिक बोलवावा?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: दार वर जाताना करकरतं, कधीकधी अर्ध्यात थांबतं आणि गेल्या आठवड्यापासून एका बाजूने झुकल्यासारखं दिसतंय. घरातली बाकीची दुरुस्ती तुम्ही स्वतःच करता, म्हणून व्हिडिओ बघून हेही जमेल का, असं विचारलंय.

करकर तुम्ही घालवाल. अडकणंही कदाचित. पण दार तिरकं झालंय म्हटल्यावर आजपासून ते वापरणं बंद करा आणि माणूस बोलवा. तिरकं दार म्हणजे बहुतेक वेळा एका बाजूची केबल ड्रमवरून (ती गुंडाळली जाते त्या चाकावरून) उतरलेली असते किंवा तुटत आलेली असते, नाहीतर दोनपैकी एक स्प्रिंग गेलेली असते. अशा वेळी रिमोट दाबत राहिलात तर रोलर ट्रॅकमधून बाहेर येतात, आणि मग काम केबलपुरतं उरत नाही.

दार मोटर उचलते असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात दोन गाड्यांच्या रुंदीचं पत्र्याचं दार सहज ७०-८० किलोच्या पुढे जातं आणि ते वजन पेलते स्प्रिंग. मोटर फक्त ढकलाढकली करते. स्प्रिंग दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळलेली असते, किंवा दोन्ही बाजूंच्या ट्रॅकला समांतर ताणलेली असते. गंमत अशी की दार पूर्ण बंद असताना तिच्यात सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणजे आपण स्टूल घेऊन, दार शांत आहे असं समजून पाना लावायला जातो, नेमका तेव्हा.

माझी स्प्रिंग तुटली ती रात्री. आवाज एवढा मोठा, की भिंतीवरचं कपाट कोसळलं असं वाटून मी धावत गेलो. गॅरेजमध्ये सगळं जागच्या जागी होतं. परत येऊन झोपलो. सकाळी रिमोट दाबला, तर दार वीतभर उचललं आणि थांबलं. पुन्हा दाबला. असं पाच-सहा वेळा केलं. शेवटी मोटर नुसतीच घरघरत फिरायला लागली आणि दार जागचं हलेना. झाकण उघडलं तेव्हा पांढरा भुगा खाली सांडला: आतलं प्लास्टिकचं गिअर दाते झिजून सपाट झालं होतं. त्याच वेळी मान वर केली आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये दोन बोटं जातील एवढी फट दिसली. ती रात्रीच दिसली असती, पण मी जमिनीवर काय पडलंय तेच शोधत होतो. एका बिघाडाचे दोन केले ते मी स्वतः.

मेकॅनिक आला तेव्हा तो काय करतो ते मी लांबून बघत होतो. आधी त्याने दाराच्या वरच ट्रॅकवर पक्कड घट्ट बसवली, म्हणजे दार आपोआप वर येऊ नये. मग नवी स्प्रिंग चढवली आणि दोन पोलादी सळया काढल्या. स्प्रिंगच्या टोकाला शंकूसारखा धातूचा तुकडा असतो, त्याला 'कोन' म्हणतात, आणि त्याला भोकं असतात. एक सळई भोकात घालून पाव फेरा द्यायचा, ती धरून ठेवून दुसरी पुढच्या भोकात घालायची, मग पहिली काढायची. साधारण ७ फुटी दाराला असे तीसेक पाव फेरे लागतात. तो ओठांतल्या ओठांत मोजत होता आणि संपूर्ण वेळ स्प्रिंगच्या समोर नाही, बाजूला उभा होता. मी मध्येच काहीतरी विचारलं, तर उत्तर न देता मोजत राहिला. तेही बरोबरच.

व्हिडिओमध्ये हे दहा मिनिटांचं काम दिसतं. पण लोक सळईऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घालतात. तो भोकात नीट बसत नाही, निसटला तर सगळा ताण एका झटक्यात हातावर, नाहीतर तोंडावर. शिवाय त्या कोनावरचे छोटे स्क्रू आणि दाराच्या तळाशी कोपऱ्यातली केबलची पट्टी या गोष्टी इतर कुठल्याही नटबोल्टसारख्याच दिसतात. पट्टी हलतेय म्हणून सहज आवळायला जावं आणि उलटा फिरवला जावा, एवढं पुरतं. स्प्रिंग, केबल, ड्रम आणि ती तळाची पट्टी, या चौघांना मी पाना लावत नाही. हौस कितीही असो.

बाकी बरंच काही घरी होतं. भिंतीवरच्या बटणाने दार चालतं आणि रिमोटने नाही, तर बॅटरी बदला, नाहीतर बटणावरचं लॉक चुकून दाबलं गेलंय का ते बघा. दार खाली येता येता पुन्हा वर जात असेल आणि मोटरचा दिवा लुकलुकत असेल, तर दाराखाली काही आडवं आलंय का ते बघणारे सेन्सर तपासा. हे दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतात. मी एकदा दोन दिवस सेटिंग बदलत बसलो होतो आणि कारण निघालं कोळ्याचं जाळं. मऊ कापडाने काच पुसली, दार चालू. कधी झाडूचा धक्का लागून एक सेन्सर फिरलेला असतो, कधी संध्याकाळचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जातं.

करकरीसाठी बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर सिलिकॉनचा किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारा. ट्रॅकच्या आत मात्र ग्रीस नको. तिथे धूळ चिकटून लगदा होतो. ट्रॅक फक्त पुसायचा. बिजागऱ्यांचे सैल बोल्ट आवळा, तळाचं रबर फाटलं असेल तर बदला.

तुमचं दार सरळ झालं की दर दोन-तीन महिन्यांनी एक चाचणी करत जा. दार पूर्ण बंद करून मोटरची लाल दोरी ओढा, म्हणजे दार मोटरपासून सुटतं. मग हाताने अर्ध्यापर्यंत उचला आणि हळूच सोडा. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली येऊ लागलं किंवा आपणहून वर सरकू लागलं तर तोल गेलाय, फोन करा. आणि हे ठळक अक्षरांत वाचा: दार उघडं असताना स्प्रिंग तुटली असेल, तर ती लाल दोरी अजिबात ओढू नका. दाराला धरून ठेवणारं तेवढंच एक उरलेलं असतं.

दुसरी चाचणी मोटरची. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच दार उलटं वर जायला हवं. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरना, दाराखाली कुणी सापडू नये अशी यंत्रणा असणं सक्तीचं आहे, ते मुलांचे जीव गेल्यामुळेच. दार फळी दाबतच राहिलं तर मोटर जुनी आहे की सेटिंग बिघडलंय, हा वाद मेकॅनिक आल्यावर घाला. तोवर मोटर बंद.

गुंडाळणारं शटर असेल तरी गणित तेच. वरच्या पाइपवर स्प्रिंग असते आणि 'शटर जड झालंय' म्हणजे तीच थकलेली असते. तेल घालून वजन कमी होत नाही.

साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघडझाप धरून बनवलेली असते. दिवसातून चार वेळा दार वापरलंत तर जेमतेम सात वर्षं. म्हणून दोन स्प्रिंग असतील आणि एक तुटली, तर दुसरीही बदलून घ्या, दोघी एकाच वयाच्या असतात. मधल्या काळात दाराला आतून फोम किंवा प्लायवूड लावलं असेल तर तेही सांगा, कारण जुन्या मापाची स्प्रिंग आता पुरणार नाही.

गाडी आत अडकली असेल तर एक दिवस राहू द्या. तिरकं दार चारजणांनी मिळून उचलायचा बेत करू नका, ते मध्येच फसतं आणि बोटं दाराच्याच दोन फळ्यांच्या सांध्यात असतात. फोन करताना 'दार तिरकं आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा, दाराची रुंदी-उंची मोजून ठेवा आणि स्प्रिंगचा लांबून काढलेला फोटो पाठवा. नाहीतर तो एकदा नुसता बघायला येईल आणि सामान घेऊन पुन्हा एकदा.