जेवणातून गुपचूप औषध देऊ का?

'मॅडम, न सांगता जेवणातून औषध द्यायचं, महिन्याभरात दारू सुटते म्हणे. देऊ का?' व्यसनमुक्तीचं काम करताना घरच्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो. इचलकरंजीच्या एका ताईंनी विचारलं तेव्हा पुड्या पर्समध्ये तयारच होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

उत्तर एकच, नको. पुडीत काय आहे हे विकणाराही धड सांगत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असेल तर त्यावर दारू प्यायल्यास शरीरात अॅसिटाल्डिहाइड, म्हणजे दारूपासून बनणारं विषारी द्रव्य साठतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. मानसोपचारतज्ज्ञही हे औषध देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला नीट सांगून. ज्याला माहीतच नाही तो पिणारच ना!

'मग ते इथं येतील कसे? दारूचं नाव काढलं की ताट भिरकावतात.'

ताईंचे मिस्टर यंत्रमागावर जॉबर. सकाळी हात थरथरायचे, म्हणून पहिली घोटभर कामाच्या आधीच. मी विचारलं, त्यांची स्वतःची तक्रार काय? झोप लागत नाही आणि पायांना मुंग्या येतात. म्हटलं, त्यासाठीच घेऊन या. आले. अर्धा तास आम्ही फक्त झोप, जेवण आणि पायांबद्दल बोललो. दारूचा विषय त्यांनीच काढला.

त्यांना 'आजपासून बंद' असं मी म्हटलं नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी रुग्णालय. तिथे थरथर आटोक्यात आणणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मिळालं. दारू ते शरीरात टिकू देत नाही. मुंग्यांचं एक कारण तेच होतं. मग व्यसनमुक्ती केंद्र.

खरं काम ते घरी आल्यावर सुरू झालं. एटीएम कार्ड ताईंकडे, मुलगा बोलत नाही, सासूबाई घरातला कुठलाही निर्णय त्यांना वगळून घेतात. 'पीत होतो तेव्हा निदान घाबरायचे तरी. आता भाडेकरू झालोय,' असं ते म्हणाले. मला हे वाक्य रक्ताच्या रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं वाटलं. यकृत सुधारत होतं, पण संध्याकाळी सात ते नऊ या माणसाने करायचं काय?

पगाराच्या दिवशी वाटेवरचा बार ही मोठी अडचण. ताईंना पूर्ण पगार हातात हवा होता. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं की त्या दिवशी मुलगा त्यांना घ्यायला जाईल, लाइटबिल आणि किराणा दोघं मिळून भरतील, उरलेले पैसे घरी. मुलगा बोलला नाहीच, पण गेला. संध्याकाळी ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाऊ लागले. 'आज एक दिवस प्यायची नाही' एवढंच त्यांनी तिथून उचललं. ते पुरेसं होतं.

चौथ्या महिन्यात स्लिप झाली, म्हणजे ते पुन्हा प्यायले. सासूबाई म्हणाल्या, 'बघा, पैसे पाण्यात.' आम्ही तो दिवस तासातासाने उलगडला. रात्रपाळीला जोडून दिवसपाळी, जेवण नाही, भावाशी जमिनीवरून भांडण, घरी कुणी नाही. उपाशी, दमलेला, चिडलेला आणि एकटा. यातलं निम्मं तरी टाळता येतं. तेव्हापासून डबा चुकवायचा नाही आणि सलग दोन पाळ्या करायच्या नाहीत.

ताईंचंही बीपी वाढलेलं होतं. ते कुणी मोजलंच नव्हतं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा गट असतो. 'प्यायचे ते आणि मीटिंगला मी का?' असं म्हणत ताई गेल्या, आता चुकवत नाहीत. जिथे काहीच सोय नाही तिथून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्यांना उशीर झाला की ताई दारातच तोंडाचा वास घेतात. ते चिडतात. 'थेट विचारा' असं ठरलंय, पण सवय जात नाही. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. हळदीच्या रात्री बाटल्या फुटणार हे ठाऊक असल्याने दोघं फक्त अक्षतांना जाणार आहेत. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला नाही म्हणून सासूबाईंनी अबोला धरलाय.