दिवसाला एकच तिकीट

प्रिय पोरी,

तुझ्या आणि आईच्या चीनच्या सहलीचा तक्ता दोनदा वाचला. शीआन शहरासाठी दीड दिवस. त्यात मातीचे सैनिक, हुआचिंग महाल, इतिहास संग्रहालय, शहराचा तट, हंस पॅगोडा आणि रात्री दिव्यांचा रस्ता. खाली तुझाच प्रश्न, ‘एवढं जमेल ना? की चेंगडू गाळू?’

गाळ. चेंगडू गाळ, शांघायही गाळ. शीआनला पाच दिवस दे आणि दिवसाला एकच तिकीट काढ. पत्रात बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे मात्र विसरू नकोस.

आधी कारण सांगतो. तिथली मोठी ठिकाणं आता पासपोर्टच्या नावावर आगाऊ नोंदवावी लागतात, आणि नोंदणीला बहुतेक ठिकाणी वेळही ठरलेली असते. सकाळचं एक गणित चुकलं की दुपारचं तिकीट वाया जातं. एका दिवसात तीन तिकिटं म्हणजे दिवसभर घड्याळाकडे बघत पळणं. पाहून खूप झालं आणि थांबणं कुठेच झालं नाही, ही हळहळ मला आजही आहे. ती तुझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा हट्ट.

मातीच्या सैनिकांचंच बघ, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या. जागा शहरापासून जवळजवळ 40 किलोमीटर पूर्वेला, लिनथोंगमध्ये. शहराच्या मध्यावरच्या बेल टॉवरपासून मेट्रोची 2 नंबरची लाइन, मग 1, मग 9, हुआचिंगछी स्टेशनला उतरून पुढे बस. दारापासून दारापर्यंत दीड ते दोन तास. स्टेशनबाहेर ‘स्वस्तात सोडतो’ म्हणणाऱ्यांच्या गाडीत बसू नकोस. ते वाटेत नकली पुतळ्यांच्या दुकानात तास घालवतात. सकाळी दार उघडतानाच पोहोच आणि थेट 1 नंबरच्या खंदकात, म्हणजे पुतळे सापडले त्या खड्ड्यावरच्या इमारतीत जा, कारण दहानंतर सहलींचे घोळके आले की पुढच्या कठड्याशी उभं राहता येत नाही. हा खंदक 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद आहे. सगळे पुढे फोटो काढून निघून जातात. तू कडेकडेने पार मागे जा. तिथे जोडणी चालू असलेले पुतळे उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाच्या अंगाला पट्टे बांधलेले. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांच्या हाती जे लागलं ते तुकडेच होते. अख्खा सैनिक म्हणजे कुणीतरी महिनोन्‌महिने बसून लावलेला जोड, हे तिथे कळतं.

मग 3 आणि 2. दोन नंबरच्या इमारतीत काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे. त्याच्या मागे जा आणि वाकून त्याच्या जोड्याचा तळवा बघ. टाके आहेत, टाचेशी आणि चवड्याशी दाट, मध्ये विरळ. जिथे झीज जास्त तिथे शिवण जास्त, एवढा विचार मातीच्या तळव्यात केलेला आहे. पाठीवरच्या चिलखतात लाल रंगाचे अंशही दिसतील. मुळात सगळे सैनिक रंगीत होते. रंगाखालचा लाखेचा थर कोरड्या हवेत काही मिनिटांत आक्रसतो, सुटतो आणि रंग घेऊन गळून पडतो. सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही, त्यामागे हेही एक कारण. हे सगळं बघायला तुझ्या तक्त्यात दीड तास आहे. दीड तासात तळवा दिसत नाही, पोरी.

त्याच तिकिटावर तिथून मोफत बसने लीशान बागेत जाता येतं. 1980 साली सापडलेले काशाचे दोन रथ आता तिथे ठेवले आहेत, खऱ्याच्या निम्म्या आकाराचे. एवढं झालं की परत फिर. हुआचिंग वाटेतच आहे म्हणून शिरू नकोस. ‘वाटेतच आहे’ या दोन शब्दांनी जेवढे प्रवास बिघडतात तेवढे पावसानेही बिघडत नाहीत.

इतिहास संग्रहालय फुकट आहे, म्हणूनच सगळ्यात अवघड. नोंदणी थोडेच दिवस आधी खुली होते आणि बघता बघता संपते. सोमवारी बंद. तुझ्या तक्त्यात ते नेमकं सोमवारीच आहे! सोमवार तटाला दे. आणि पॅगोडा तिथून चालत अंतरावर असला तरी तो दुसऱ्या दिवशी.

पॅगोडाला वेगळा दिवस दे असं म्हणतो, त्यालाही कारण आहे. 652 साली तो उभा राहिला तो शुआनत्सांगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी. हाच आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. नेलेले ग्रंथ 657. हा माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातून गेला आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. आपल्याबद्दल हे लिहिणाऱ्याच्या दारात तू अर्धा तास उभी राहणार?

तट मिंग घराण्याच्या काळातला, 1370 नंतर बांधलेला. उंची 12 मीटर, घेर सुमारे 13.7 किलोमीटर. दक्षिण दरवाजाने चढ, वर सायकल भाड्याने मिळते. सूर्यास्ताच्या दोन तास आधी निघ. वर सावली नाही, उन्हाळ्यात विटा तापतात. पूर्ण फेरीला दीड-दोन तास लागतात आणि खडबडीत विटांनी मनगटं दुखतात. आईला झेपलं नाही तर पुढच्या मोठ्या दरवाजाशी सायकल परत देता येते.

आता खाणं. तिकीट एकच काढलं की संध्याकाळ मोकळी राहते आणि शीआन खरं संध्याकाळी कळतं. ड्रम टॉवरच्या मागचा बैयुआनमनचा रस्ता एकदा बघ, पण जेव पश्चिमेकडे, साजिनच्याओ किंवा दापीयुआनला. ही हुई मुसलमानांची वस्ती. तिथे डुकराचं मांस चालत नाही, बाहेरून घेतलेलं पिशवीतूनही नेऊ नकोस.

तुला मटण चालतं, तर पाओमो खा. वाडगा आणि दोन घट्ट, जेमतेम फुगलेल्या भाकऱ्या समोर येतील. त्या तूच कुस्करायच्या. आधी अर्ध्या कर, पदर सोडव, मग चिमटीने हरभऱ्याएवढे तुकडे. तुकडे मोठे राहिले तर आत रस्सा पोहोचत नाही आणि मध्ये पीठ लागतं. याला वीस मिनिटं लागतात, ती लागू देत. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून येतो. ढवळू नकोस, लगदा होतो. कडेकडेने खा, मध्ये मध्ये गोड मुरवलेला लसूण.

आईच्या शाकाहाराची काळजी तू नको तिथे करते आहेस. थेपल्यांची बॅग भरण्याऐवजी फोनमध्ये चिनी अक्षरांत चार ओळी ठेव: मांस नको, मांसाचा रस्सा नको, मासे-कोळंबी नको, प्राण्यांची चरबी नको. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर फोडी काढतील, रस्सा तोच राहील. त्यांच्यासाठी लियांगफी, म्हणजे थंड पट्ट्या, तिळाची पेस्ट घालून. आणि योफो मियान: रुंद शेवया, वर तिखट, लसूण, कांद्याची पात आणि त्यावर कडकडीत तेल. चर्र आवाज होतो, आपल्या वरून घातलेल्या फोडणीसारखाच. मात्र खिम्याशिवाय, हे आधी सांगायचं. जीभ बधिर झाली तर घाबरू नका, ते ह्वाज्याओ, आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. सकाळी चिकट तांदूळ, खजुरासारखी लाल बोरं आणि राजमा थरांनी वाफवलेला झंगकाओ मिळतो, दुपारपर्यंत संपतो.

पैशाचं इथूनच उरकून घे. अलीपे, म्हणजे तिथलं पैसे द्यायचं ॲप, त्यात पासपोर्टची पडताळणी आणि विसा किंवा मास्टरकार्ड, दोन्ही निघण्याआधी. बँकेत कार्डाचा परदेशी वापर चालू करून घे, आपल्याकडे तो बहुधा बंद असतो. 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला 3 टक्के जादा लागतात. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर उघडणार नाहीत, भारतातल्या सिमच्या रोमिंगवर चालतात. आणि तारीख बदल. 1 ते 7 ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा तटावर सायकल काय, पायही हलत नाही. महिन्याच्या अखेरीस जा.

लोक म्हणतील, एवढं भाडं भरून एकच शहर? म्हणू देत. भाडं तू भरते आहेस. तक्ता नव्याने कर, रोज एकच ओळ, आणि रविवारच्या आत पाठव. संग्रहालयाची नोंदणी आपण दोघं मिळून करू.

तुझा,
काका