वजन सारखं, तरी उतारावर गोटी बांगडीच्या आधी का पोचते?

कारण वजनाचा इथे संबंधच येत नाही. खाली दिलेल्या समीकरणात वस्तुमान (m) आणि त्रिज्या (r) दोन्ही कटतात. उरतं ते फक्त वस्तुमान मध्यापासून किती लांब पसरलंय हे. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून तिचं जडत्वाघूर्ण (I, म्हणजे फिरवायला होणारा विरोध) mr², भरीव गोटीचं 2/5 mr². बांगडीला फिरवायला जास्त टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो.

हा टॉर्क देतं कोण? बहुतेक जण गुरुत्वाकर्षण म्हणतात आणि इथेच चुकतात. गुरुत्वबल मध्यातून जातं, त्यामुळे मध्याभोवती त्याचा टॉर्क शून्य. फिरवतं ते घर्षण, आणि तेच बल उताराच्या वर ओढत वेगवाढ कमी करतं. बांगडीला ते जास्त लागतं, म्हणून ती मागे पडते.

न घसरता घरंगळताना त्वरण, म्हणजे वेगवाढीचा दर, g sinθ ÷ (1 + I/mr²); g म्हणजे गुरुत्वत्वरण, θ उताराचा कोन. 30° च्या उतारावर गोटीचं 3.5 मी/से², बांगडीचं 2.45. (घर्षणच नसतं तर दोन्ही न फिरता घसरत, 4.9 ने, एकदमच पोचल्या असत्या.)

घरी पाट तिरका ठेवून नक्की करून बघा. वेगळ्या वजनाची, लहान किंवा मोठी भरीव गोटी घेतलीत तरी तीच जिंकेल.