इजा ‘पसरते’ का?

प्रश्न असा आहे: ‘पक्षाघातानंतर मेंदूतली इजा पसरत जाते’ हे वाक्य चालेल का? इजा होते, पसरतो तो रोग. मग ‘चिघळते’ म्हणावं का?

‘चिघळते’ नको. चिघळण्यात ओल आली, पू आला, आणि जखम चिघळते ती जिथल्या तिथे. मेंदूत वेगळं घडतं. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की ज्या पेशींचं रक्त पुरतं तुटतं, त्या काही मिनिटांत मरतात आणि त्यांच्यातलं ग्लुटामेट बाहेर सांडतं. एरवी एका पेशीचा निरोप दुसरीला देणारं हेच रसायन. काम झालं की लगेच उचललं जातं. आता ते साचतं. शेजारची पेशी उत्तेजित होतच राहते, तिच्यात कॅल्शियम शिरतं, ती कोलमडते आणि आपलं ग्लुटामेट पुढे सांडते. डोक्याला मार लागल्यावरही हेच चक्र सुरू होतं.

या हातून त्या हाती जाण्याला मराठीत नेमका शब्द आहे: लोण. आट्यापाट्यांच्या खेळातला. ‘इजेचं लोण शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतं’ हे मला सर्वांत नेमकं वाटतं. ‘पसरते’ही चूक नाही. १९४४ साली ब्राझीलचे संशोधक आरिस्तिदेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूवर विद्युत-शांततेची, म्हणजे पेशींचे विद्युत-संकेत थांबवत जाणारी, लाट सरकताना नोंदवली, अशा लाटा मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर सरकतात. इजा झालेल्या माणसाच्या मेंदूतही त्या दिसल्या आहेत.

मेलेल्या गाभ्याभोवतीच्या भागासाठी ‘उपच्छाया’ वापरावा. ग्रहणातला, विरळ सावलीचा शब्द. इंग्रजीतला ‘पेनम्ब्रा’ही तिथूनच आला. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २०च्या आसपास उतरलं की पेशी गप्प होतात, १०च्या खाली गेलं की मरतात. मधल्या त्या उपच्छायेतल्या. हात हलत नाही, शब्द फुटत नाही, पण पेशी जिवंत असतात. रक्त वेळेत परत आलं तर त्या पुन्हा कामाला लागू शकतात.

म्हणूनच मला शब्दापेक्षा काळ जास्त खटकतो. ‘मेंदूला इजा झाली’ वाचलं की व्हायचं ते होऊन गेलं असं वाटतं. पहिल्या काही तासांबद्दल लिहिताना ‘इजा होते आहे’ असंच लिहावं.