आधी आजीला फोन लाव

अगं, तुझे कृष्णवर्णीय अमेरिकन पूर्वज शोधायचेत ना, मग डीएनए चाचणीवर एवढ्यात पैसे घालवू नकोस. आधी अमेरिकेत, जॉर्जियातल्या आजीला फोन लाव. तिच्या आईचं गाव, चर्च, कोणाला कुठे पुरलं, सगळं खोदून खोदून विचार आणि रेकॉर्ड करून ठेव. कागद थांबतील, आजी नव्वदीला आलीये.

मग 1870ची जनगणना बघ. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं तिथेच पहिल्यांदा सापडतात. 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्यांत नाव असतं ते मालकाचं. खाली नुसतं वय, लिंग, रंग. ती पानं एकटीने बघू नकोस. संताप येतो, येऊ दे.

त्यावर उतारा म्हणजे फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या बँकेच्या नोंदी, 1865 ते 1874च्या. खातं उघडताना आईवडील, भावंडं विचारत. काहींनी विकल्या गेलेल्या माणसांचीही नावं सांगितली आहेत. शेवटी सही, नाहीतर फुली. मला विचारशील तर ती फुली राजमुद्रेहून भारी. आफ्रिकेतलं राजघराणं शोधायच्या फंदात पडूच नकोस, अभिमानाला तेवढं पुरतं.

साताऱ्याचे मामा रंगावरून बोललेच, तर त्यांना खुलदाबादला मलिक अंबरच्या कबरीवर ने. तो काही तुझा पूर्वज नव्हे, पण हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला होता आणि त्याने मुघलांना दख्खनेत वर्षानुवर्षं झुंजवलं, हे मामांना कळू दे.

आणि हो, आडनाव मालकाचंच असेल असं धरून चालू नकोस. अनेकांनी ते स्वतः निवडलं होतं.